अनोळखी प्रकाशाची लष्करी चौकशी खगोलशास्त्रापासून सुरू व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रात्रीच्या आकाशात अनोळखी प्रकाश दिसल्याच्या आणि लष्कराने किंवा हवाई दलाने त्याची दखल घेतल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत अधूनमधून येत असतात. अशा बातमीत प्रत्यक्षदर्शींचे आश्चर्य, मोबाइलवर टिपलेले धूसर चित्र आणि ‘चौकशी सुरू आहे’ हे अधिकाऱ्यांचे वाक्य हमखास असते. प्रकाश कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती उंचीवर आणि नेमका किती वाजता दिसला, हे मात्र बहुधा नसते. मी हौशी आकाशनिरीक्षक आहे आणि या विषयावरचे जाहीर झालेले अहवाल आवडीने वाचत आलो आहे. त्यावरून माझे असे मत बनले आहे की, लष्कराने अशा प्रकाशाची चौकशी करणे योग्यच आहे. पण ती खगोलशास्त्रज्ञांपासून सुरू व्हावी, सगळे उपाय थकल्यावर त्यांच्या दारात जाऊन संपू नये. शिवाय ‘धोका नाही’ असे एकदा ठरले की त्या नोंदी कपाटात बंद राहू नयेत.

लडाखचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा आठवण्याजोगे आहे. २०१२ च्या ऑगस्टपासून पँगाँग सरोवराच्या परिसरातील लष्कराच्या आणि भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या चौक्यांवरून पिवळसर प्रकाशगोल दिसू लागले. ते चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून वर येत, तीन ते पाच तास संथपणे आकाशातून सरकत राहत आणि मग दिसेनासे होत. त्या वेळी वृत्तपत्रांत आलेल्या माहितीनुसार फेब्रुवारी २०१३ पर्यंत अशा ३२९ नोंदी झाल्या होत्या आणि त्यांपैकी १५५ वेळा त्या वस्तूंनी प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडल्याचे नमूद होते. हे चिनी टेहळणी ड्रोन असावेत असा संशय घेतला गेला आणि त्या परिस्थितीत तो मुळीच गैर नव्हता. पुढे एप्रिलमध्ये देपसांगच्या पठारावर चिनी तुकडीने तंबू ठोकले, हे आपण जाणतोच. रडार लावून पाहिले, तर त्यावर धातूच्या वस्तूची खूण उमटेना. वस्तूतून निघणाऱ्या लहरींची वारंवारता टिपणारे उपकरण आणले, त्यातूनही उलगडा होईना. जवळून पाहण्यासाठी एक छोटे मानवरहित विमान सोडले, ते त्या प्रकाशापर्यंत पोहोचलेच नाही. हे सगळे झाल्यावर बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे विचारणा झाली. तेथील शास्त्रज्ञांनी जवानांच्या नोंदी ग्रहांच्या स्थितीशी ताडून पाहिल्या आणि एक वस्तू शुक्र, तर दुसरी गुरू असल्याचा निर्वाळा दिला.

याच संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण लडाखमध्येच, हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर उभी आहे. म्हणजे जाणकारांची वेधशाळा त्याच प्रदेशात होती. विचारणा तेवढी उशिरा झाली.

या निष्कर्षाची त्या वेळी बरीच थट्टा झाली, परदेशी वृत्तसंस्थांनीही ‘शुक्राला ड्रोन समजले’ अशा चवीने बातम्या दिल्या. मला ती थट्टा अन्यायाची वाटते. पहाऱ्यावरच्या जवानाला काय दिसत असेल, याचा जरा बारकाईने विचार करावा. समोर चार हजार मीटरहून उंचावरचे सरोवर, त्यापलीकडे डोंगरांची काळी कड, धूळ आणि दमटपणा जवळजवळ नसलेली हवा. त्या कडेच्या मागून एक तेजस्वी ठिपका एकाएकी बाहेर पडतो. क्षितिजालगतच्या हवेच्या थरांतून येताना त्याचा प्रकाश क्षणाक्षणाला वेगवेगळा वाकतो, त्यामुळे तो लाल, हिरवा, पांढरा असा लुकलुकतो. विमानाच्या डाव्या पंखावर लाल, उजव्यावर हिरवा आणि शेपटाकडे पांढरा दिवा असतो, हे जवानाला शिकवलेलेच असते. शिवाय काळोखात एकटा ठिपका टक लावून पाहत राहिले, की तो जागचा न हलताही सरकल्यासारखा, कधी झेपावल्यासारखा वाटतो. हा दृष्टिभ्रम वैमानिकांना प्रशिक्षणात मुद्दाम समजावून सांगितला जातो. त्यातून पाहणाऱ्याच्या मनात शत्रूची टेहळणी विमाने आधीच घर करून असतील, तर जवानाने ‘वस्तू दिसली’ अशी नोंद केली यात त्याचे काहीच चुकले नाही. उलट ती नोंद न करणे ही कर्तव्यातली कसूर ठरली असती.

प्रश्न नोंद वर गेल्यानंतरचा आहे. पूर्वेला सीमा असलेल्या चौकीवरून पाहिले, तर प्रत्येक ग्रह, प्रत्येक तारा आणि खुद्द सूर्य-चंद्रही रोज सीमा ओलांडूनच इकडे येतात. तेव्हा वरिष्ठ पातळीवर सर्वांत आधी विचारायचा प्रश्न असा होता की, हा प्रकाश रोज किती वाजता उगवतो आणि ती वेळ दिवसागणिक कशी बदलते. तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात, महिन्यात हा फरक दोन तासांचा होतो; गुरूसारखा संथ ग्रहही जवळपास हेच वेळापत्रक पाळतो. ऑगस्ट २०१२ मध्ये मध्यरात्रीनंतर उगवणारा गुरू ३ डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर आल्यावर, सूर्यास्तालाच उगवू लागला आणि रात्रभर आकाशात राहू लागला. तो रोहिणीच्या आसपास होता, त्यामुळे नक्षत्रे ओळखणाऱ्याला तो सहज सापडला असता. शुक्र त्या ऑगस्टमध्ये पहाटेच्या आकाशात सूर्यापासून अगदी दूर, ठळक दिसत होता आणि हिवाळा सरता सरता सूर्याच्या प्रभेत बुडाला. कोणतेही टेहळणी विमान सहा महिने रोज चार मिनिटे लवकर निघण्याची शिस्त पाळणार नाही. महिन्याभराच्या वेळा एका कागदावर ओळीने मांडल्या असत्या, तरी हे लक्षात आले असते. त्यासाठी रडार लागत नाही, पंचांगही पुरते.

यात लष्कराचा स्वतःचा स्वार्थही आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत १९५२ च्या जुलैत राजधानी वॉशिंग्टनच्या आकाशात लागोपाठ दोन आठवड्यांच्या शेवटी अनोळखी प्रकाश दिसले, विमानतळाच्या रडारवरही ठिपके उमटले आणि लढाऊ विमाने पाठवावी लागली. हवाई दलाने मोठी पत्रकार परिषद घेऊन, रडारवरचे ठिपके हवेच्या उलट्या तापमानथरांमुळे, म्हणजे थंड हवेवर उबदार हवेचा थर बसल्यामुळे, उमटले असावेत, असे स्पष्टीकरण दिले. पुढे जानेवारी १९५३ मध्ये तिथल्या गुप्तचर संस्थेने भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसवली. त्या समितीचा निष्कर्ष आजही लक्षात घेण्यासारखा आहे: या प्रकाशांपासून थेट धोका दिसत नाही, पण त्यांच्याविषयीच्या तक्रारींचा पूर संरक्षण यंत्रणेच्या संदेशवाहिन्या तुंबवून टाकेल, हाच खरा धोका आहे. (नागरिकांच्या हौशी संघटनांवर नजर ठेवावी, अशी शिफारसही त्याच समितीने केली होती. ती मात्र मला साफ चुकीची वाटते, कारण संशय दूर करण्याचा तो मार्ग नव्हे.) लडाखच्या ३२९ नोंदींकडे या नजरेने पाहावे. गुरू आणि शुक्र यांच्या नावावर जमा व्हायला हव्या होत्या अशा शेकडो नोंदींच्या ढिगात एखादा खरा ड्रोन मिसळला असता, तर तो निवडून काढायचा कोणी आणि कसा?

नेमकी हीच अडचण २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेला आली. चीनचा टेहळणी फुगा अमेरिका ओलांडून गेला, ४ फेब्रुवारीला तो अटलांटिकच्या किनाऱ्याजवळ पाडला गेला, आणि त्यानंतर रडारची गाळणी सैल करण्यात आली, म्हणजे पूर्वी लहान किंवा संथ म्हणून वगळल्या जाणाऱ्या वस्तूही पडद्यावर येऊ लागल्या. लगेच १०, ११ आणि १२ फेब्रुवारीला अलास्का, कॅनडातील युकॉन आणि ह्युरॉन सरोवर येथे एकेक अशा तीन वस्तू क्षेपणास्त्रांनी पाडल्या गेल्या. त्या बहुधा खासगी कंपन्यांच्या, हौशी मंडळींच्या किंवा संशोधन संस्थांच्या फुग्यांपैकी असाव्यात, असे खुद्द राष्ट्राध्यक्ष बायडेन यांना आठवड्याच्या आत सांगावे लागले.

चौकशी फसण्याचे दुसरे कारण गुप्तता. परकीयांपासून ठेवायची गुप्तता मी समजू शकतो. पण बऱ्याचदा एका दलाचे दुसऱ्या दलाला ठाऊक नसते. ७ जानेवारी १९४८ रोजी केंटकीच्या आकाशात दिवसाढवळ्या एक मोठी चकाकती वस्तू दिसली आणि राष्ट्रीय रक्षक दलाचे वैमानिक कॅप्टन थॉमस मँटेल तिच्या मागे उंच उंच चढत गेले. प्राणवायूची सोय नसताना ते इतक्या उंचीवर गेले की शुद्ध हरपून विमान कोसळले आणि त्यांचा अंत झाला. हवाई दलाने प्रथम ‘तो शुक्र होता’ असे सांगितले. ते कोणाला पटले नाही आणि पटण्यासारखेही नव्हते. पुढे सर्वाधिक संभाव्य ठरलेले उत्तर म्हणजे नौदलाचा ‘स्कायहुक’ हा प्रचंड आकाराचा, अतिशय उंचावर जाणारा संशोधन फुगा. तो प्रकल्प गुप्त असल्यामुळे चौकशी करणाऱ्यांना त्याची कल्पनाच नव्हती. शुक्राचे नाव सोयीचे उत्तर म्हणून पुढे केले, की खरोखर शुक्र असतो तेव्हाही लोकांचा विश्वास बसत नाही, हा त्या प्रकरणाचा आणखी एक परिणाम.

सोव्हिएत रशियात याच्याही पुढची गंमत झाली. २० सप्टेंबर १९७७ च्या पहाटे पेट्रोझावोद्स्क शहरावर जेलीफिशसारखा पसरत जाणारा, किरणांचा वर्षाव करणारा प्रकाश शेकडो लोकांनी पाहिला. प्लेसेत्स्क येथून ‘कॉसमॉस-९५५’ हा उपग्रह त्याच वेळी सोडण्यात आला होता आणि पहाटेच्या अंधारात उंचावर सूर्यप्रकाशाने उजळलेला रॉकेटचा धूर लोकांना दिसला होता. पण प्लेसेत्स्क नावाचे प्रक्षेपण केंद्र अस्तित्वात आहे, हेच सरकारने १९८३ पर्यंत जाहीरपणे मान्य केलेले नव्हते. मग उत्तर द्यायचे तरी कसे? या घटनेनंतर तिथे संरक्षण खाते आणि विज्ञान अकादमी या दोघांनी मिळून एक दीर्घ चौकशी प्रकल्प चालवला, ज्यात देशभरातल्या सैनिकी तळांना असे प्रकाश दिसल्यास ठरावीक पद्धतीने कळवण्याचे आदेश होते. १९९० पर्यंत चाललेल्या या कामातून, बहुसंख्य घटना रॉकेट प्रक्षेपणे आणि उंचावरचे फुगे यांच्यामुळे घडल्या, असे निघाले. लष्कर आणि शास्त्रज्ञ यांनी पहिल्यापासून एकत्र बसण्याची ती पद्धत मात्र घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे अशा प्रसंगी काय करता येते, याचे चांगले उदाहरण १५ डिसेंबर २०२२ चे आहे. त्या संध्याकाळी पश्चिम बंगालसह पूर्वेकडील अनेक ठिकाणी आकाशात शंकूसारखा पसरलेला झगझगीत प्रकाश दिसला आणि तासाभरात त्याची छायाचित्रे सगळीकडे फिरली. ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून ‘अग्नी-५’ची चाचणी त्याच संध्याकाळी झाली होती आणि तिच्यासाठी बंगालच्या उपसागरावरचा मोठा पट्टा विमानांना बंद असल्याची सूचना आधीच प्रसिद्ध झाली होती. चाचणीची अधिकृत माहितीही लगेच आली, त्यामुळे तर्ककुतर्क एका रात्रीत शमले. सूर्य मावळून जमिनीवर काळोख पडला, तरी शेकडो किलोमीटर उंचीवर ऊन असतेच. तिथे पोहोचलेला रॉकेटचा धूर म्हणूनच उजळून निघतो. नॉर्वेच्या उत्तर भागात ९ डिसेंबर २००९ च्या सकाळी अंधारात दिसलेले प्रचंड चक्राकार प्रकाशचित्र श्वेत समुद्रातील पाणबुडीतून सोडलेल्या रशियाच्या ‘बुलावा’ क्षेपणास्त्राचे होते आणि ते फसल्याची कबुली रशियाने दुसऱ्याच दिवशी दिली. क्षेपणास्त्राची गुपिते न सांगताही ‘ते आमचे होते’ एवढे सांगता येते.

हे सांगण्यास उशीर झाला, तर काय होते ते ॲरिझोनाने दाखवले. १३ मार्च १९९७ च्या रात्री दहाच्या सुमारास फिनिक्स शहराच्या नैर्ऋत्येला आकाशात दिव्यांची ओळ दिसली आणि एकेक दिवा विझत गेला. सरावासाठी आलेल्या मेरीलँडच्या राष्ट्रीय रक्षक दलाच्या ‘ए-१०’ विमानांनी गोळीबार-क्षेत्रावर हवाई छत्रीला बांधलेले प्रकाशगोळे सोडले होते. ते संथपणे खाली येत डोंगराआड गेले, म्हणून एकामागून एक विझल्यासारखे वाटले. हा खुलासा महिन्यांनंतर आला. मधल्या काळात राज्यपाल फाइफ सिमिंग्टन यांनी पत्रकार परिषद बोलावून आपल्या सहकाऱ्याला परग्रहवासीयाच्या वेशात सर्वांसमोर आणले आणि लोकांची थट्टा केली. पुढे दहा वर्षांनी त्याच गृहस्थांनी, त्या रात्री आपणही काहीतरी विलक्षण पाहिले होते, असे जाहीर केले. आधी मौन, मग चेष्टा आणि मग खुलासा असा क्रम लागला, की शेवटचा खुलासा खरा असूनही निम्म्या लोकांना तो सारवासारव वाटतो. तिथे आजही तसेच वाटते.

नोंदीच्या काटेकोरपणाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण उत्साही चर्चेत हाच भाग गाळला जातो. इंग्लंडमध्ये सफक परगण्यातील रेंडलशॅम जंगलात डिसेंबर १९८० च्या अखेरीस अमेरिकी हवाई तळावरच्या सैनिकांनी विचित्र प्रकाश पाहिले. उपतळप्रमुख लेफ्टनंट कर्नल चार्ल्स हॉल्ट स्वतः जंगलात गेले आणि दिसेल ते ध्वनिमुद्रित करत राहिले, ही फार चांगली गोष्ट त्यांनी केली. पण ब्रिटिश संरक्षण खात्याला पाठवायचे टिपण त्यांनी १३ जानेवारीला, म्हणजे दोन आठवड्यांनी लिहिले आणि त्यात पहिल्या घटनेची तारीख एका दिवसाने चुकली. रडारच्या नोंदी तपासायच्या तर तारीख चुकून कसे चालेल? उलट त्याच ध्वनिफितीतून मोठा धागा मिळाला: प्रकाश पुन्हा पुन्हा दिसल्याचे सैनिक सांगतात, त्यांतले अंतर सुमारे पाच सेकंदांचे आहे आणि त्याच दिशेला असलेल्या ऑर्फर्डनेसच्या दीपगृहाचा झोतही पाच सेकंदांनीच फिरत असे. त्यापूर्वी २६ डिसेंबरच्या पहाटे तीनच्या सुमारास दक्षिण इंग्लंडवर एक तेजस्वी उल्काही दिसली होती. अधिकाऱ्याच्या आठवणीपेक्षा ध्वनिफीत अधिक उपयोगी पडली, ती तिच्यावर काळ मोजता आला म्हणून.

मग चौकीवरच्या नोंदवहीत काय असावे? घड्याळाप्रमाणे सुरुवातीची आणि शेवटची वेळ. उत्तरेपासून मोजलेली दिशा. क्षितिजापासूनची उंची, जी हात ताठ धरून मुठीने मोजली तरी चालते, कारण लांब धरलेली मूठ सुमारे दहा अंश भरते. जवळ कोणते ओळखीचे तारे होते, आणि प्रकाश ताऱ्यांच्या तुलनेत सरकला की त्यांच्याबरोबरच. शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. ताऱ्यांबरोबर सरकणारी वस्तू खगोलीय, म्हणजे अतिदूरची; ताऱ्यांमधून सरकणारी वस्तू जवळची. दोन चौक्यांनी एकाच वेळी दिशा घेतल्या आणि त्या तंतोतंत सारख्या निघाल्या, तर वस्तू अतिदूर आहे हे शाळकरी भूमितीनेही सिद्ध होते. कॅमेऱ्यासमोर रेघांची साधी जाळी धरली की प्रकाशाचा वर्णपट, म्हणजे त्यातल्या रंगांचा पट्टा, मिळतो; ग्रहाचा वर्णपट सूर्याचाच असतो, प्रकाशगोळ्याचा तसा नसतो. काळही महत्त्वाचा: उल्का काही सेकंदांत संपते, वातावरणात परतून जळणारा रॉकेटचा सांगाडा मिनिटभर किंवा अधिक वेळ तुकड्यांची माळ घेऊन जातो. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून दिसलेली ती माळ चिनी ‘लाँग मार्च’ रॉकेटच्या टप्प्याची होती आणि त्यातली धातूची मोठी कडी चंद्रपूर जिल्ह्यात पडली, हे वाचकांना आठवत असेलच. आणि मे २०१९ नंतर ओळीने जाणारे ठिपके दिसले, तर ‘स्टारलिंक’च्या उपग्रहांचे वेळापत्रक आधी पाहावे.

एवढे करूनही काही नोंदींचा उलगडा होणार नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. अमेरिकी हवाई दलाच्या ‘ब्लू बुक’ या चौकशी प्रकल्पात १९६९ पर्यंत जमलेल्या १२,६१८ नोंदींपैकी ७०१, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के, अनुत्तरित राहिल्या. तिथल्याच गुप्तचर खात्याच्या २०२१ च्या जूनमधल्या अहवालात १४४ नोंदींपैकी केवळ एकीचे निश्चित उत्तर मिळाले होते. तो हवा गेलेला फुगा निघाला. परंतु अनुत्तरित या शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात. फ्रान्समध्ये १९७७ पासून हे काम लष्कराकडे न देता राष्ट्रीय अंतराळ संस्थेतील एका लहान कक्षाकडे दिले आहे आणि तिथे नोंदींचे चार वर्ग करतात: निश्चित ओळखलेल्या, बहुधा ओळखलेल्या, माहिती अपुरी असल्याने ठरवता न येणाऱ्या, आणि भरपूर माहिती असूनही न उलगडलेल्या. तिसऱ्या वर्गातली नोंद कुणी चौथ्या वर्गातली म्हणून छापली, की रहस्य तयार होते. रडारने टिपले नाही आणि छायाचित्र धूसर आहे, याचा अर्थ वस्तू अलौकिक आहे असा होत नाही. पुरावा कमी आहे, एवढाच होतो.

तज्ज्ञांनाही या कामात संयम लागतो. १९६६ च्या मार्चमध्ये मिशिगनमधल्या प्रकाशांविषयी हवाई दलाचे सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांनी घाईघाईच्या पत्रकार परिषदेत दलदलीतल्या वायूची शक्यता बोलून दाखवली आणि देशभर हसे झाले. त्या राज्याचे लोकप्रतिनिधी जेराल्ड फोर्ड यांनी थेट संसदीय सुनावणीची मागणी केली. म्हणून शास्त्रज्ञांकडे लवकर जावे असे मी म्हणतो, तेव्हा त्यांच्याकडून तासाभरात उत्तर मागावे असे मला म्हणायचे नाही.

नोंदी खुल्या केल्याने काय साधते, ते चिलीच्या उदाहरणावरून दिसते. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या नौदलाच्या हेलिकॉप्टरने उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात एक अनोळखी वस्तू पकडली. सरकारी समितीने दोन वर्षांहून अधिक काळ अभ्यास करून ती अनोळखीच ठरवली आणि जानेवारी २०१७ मध्ये चित्रफीत जाहीर केली. विमानांच्या मार्गनोंदी चाळणाऱ्या हौशी मंडळींनी काही दिवसांतच दाखवून दिले, की ते सँटियागोहून माद्रिदला निघालेले प्रवासी विमान होते. समितीतले लोक अडाणी नव्हते. अधिक डोळ्यांनी पाहिले, म्हणून उत्तर सापडले. ब्रिटनच्या संरक्षण खात्यानेही आपला यासाठीचा कक्ष २००९ मध्ये बंद करताना, पन्नास वर्षांत एकाही नोंदीतून देशाला धोका असल्याचे दिसले नाही, असे सांगितले आणि जुन्या फायली टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय अभिलेखागारातून लोकांसाठी खुल्या केल्या.

आपल्याकडे १९ नोव्हेंबर २०२३ रोजी इंफाळ विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसल्याने विमानसेवा काही तास थांबली, हवाई दलाने लढाऊ विमाने पाठवली, आणि नंतर दलाच्या पूर्व विभागाने, हवाई संरक्षण यंत्रणा कार्यान्वित केली होती व ती लहान वस्तू त्यानंतर दिसली नाही, असे निवेदन दिले. कृती तत्पर होती, तिच्याविषयी मला तक्रार नाही. पण वस्तू कोणत्या दिशेला, किती वेळ, किती उंचीवर दिसली, एवढे तपशील अशा निवेदनाला जोडले, तर त्याने कोणतेही गुपित फुटत नाही.

संपादक महोदय, माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली आपल्या वार्ताहरांना: यापुढे अशी बातमी देताना वेळ, दिशा, उंची आणि कालावधी या चार गोष्टी प्रत्यक्षदर्शींना विचारून छापाव्यात आणि त्या रात्री कोणते ग्रह कुठे होते, हे जवळच्या तारांगणातून किंवा खगोल मंडळातून विचारून घेऊन त्याच बातमीत द्यावे. दुसरी संरक्षण मंत्रालयाला, आपल्या मार्फत: लडाखच्या त्या ३२९ नोंदी, चौक्यांची नावे आणि ठिकाणे वगळून, वेळ आणि दिशेसह प्रसिद्ध कराव्यात. त्यांपैकी किती नोंदी गुरूच्या, किती शुक्राच्या आणि किती या दोहोंत न बसणाऱ्या, हे मग कुणालाही मोजता येईल, आणि न बसणाऱ्या निघाल्या तर त्यांचीच चौकशी पुढे चालू ठेवता येईल.

आपला,
एक हौशी आकाशनिरीक्षक